डॉक्टरांच्या अलीकडची मदत: इंदूरच्या मराठी मंडळांसाठी, घरमालकांसाठी आणि घरच्यांसाठी

इंदुरात मनाच्या आजारांवर उपचार मिळत नाहीत असं नाही. एमवाय रुग्णालयात मनोविकाराची ओपीडी आहे, बाणगंगेला सरकारी मानसिक चिकित्सालय आहे, आणि गीता भवनपासून विजय नगरपर्यंत खासगी मानसोपचारतज्ज्ञही आहेत. अडतं ते त्याच्या अलीकडे. भंवरकुआंला खोली घेऊन एमपीपीएससीची (राज्य लोकसेवा परीक्षेची) तयारी करणारा मुलगा असो, की सुदामा नगरात आई-वडिलांजवळ राहून बी.कॉम. करणारी मुलगी असो, झोप उडाल्यापासून डॉक्टरांसमोर बसेपर्यंत त्यांचे कित्येक महिने जातात. तेवढ्यात अभ्यास सुटतो, मैत्री तुटते, घरात खटके उडू लागतात, आणि सुरुवातीला आटोक्यात येण्यासारखं दुखणं मुरतं.

हा लेख त्या मधल्या महिन्यांसाठी आहे. ते महिने कमी करायला डॉक्टर असावं लागत नाही. रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर, टिळक नगर इथल्या आपल्या लोकांकडे वाचनालयं आहेत, गणपतीची मंडळं आहेत, आणि बऱ्हाणपूर-खरगोन-बडवानीहून शिकायला आलेली मुलं आपल्याच वरच्या मजल्यांवर भाड्याने राहतात. मदत त्यांच्या रोजच्या वाटेवर आणून ठेवणं आपल्या हातात आहे.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात ज्या बारा राज्यांची पाहणी झाली, त्यांत मध्य प्रदेश होता. त्या पाहणीत तेरा ते सतरा वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना असल्याचं दिसलं. जगभरच्या अभ्यासांवरून असंही दिसतं की जवळजवळ निम्मे मानसिक आजार अठरा वर्षांच्या आतच सुरू होतात. म्हणून आपण जे काही उभं करू ते चौदा ते पंचवीस या वयाला डोळ्यांसमोर ठेवून करावं. ऑस्ट्रेलियात २००६ साली स्थापन झालेल्या ‘हेडस्पेस’ची केंद्रं नेमकी बारा ते पंचवीस वयासाठीच होती, कारण लहान मुलांच्या दवाखान्यातून बाहेर पडलेली आणि मोठ्यांच्या दवाखान्यात जायला तयार नसलेली मुलं मध्येच हरवत होती.

आधी ऐकणारी माणसं शोधा

जागा, फलक, पत्रकं हे सगळं नंतर. आधी तीन-चार माणसं ठरवा, ज्यांच्याशी मुलं बोलतील. मंडळाचे अध्यक्ष किंवा सगळ्यात जुने कार्यकर्ते आपोआप या यादीत येतात, आणि मला वाटतं तिथेच घोळ होतो. ज्या काकांनी मुलाच्या वडिलांबरोबर तीस वर्षं गणपती बसवला, त्यांच्यापाशी मुलगा मोकळा होणार नाही. पंचवीस ते चाळीस वयाची एक ताई, एक दादा, आणि एखाद्या निवृत्त शिक्षिका असा मेळ चांगला बसतो. बायका किमान निम्म्या हव्यात. निवडताना एकच कसोटी लावा: या माणसाने आजवर कुणाची गोष्ट दुसरीकडे सांगितली आहे का? सांगितली असेल तर तो कितीही प्रेमळ असला तरी या कामाचा नाही.

या विषयाचं शिक्षण नसलेल्यांनी हे काम करावं का, ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर आपल्याजवळच आहे. गोव्यातल्या ‘संगत’ संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून नैराश्यासाठी सहा ते आठ बैठकांचा कार्यक्रम चालवला, आणि शास्त्रीय चाचणीत तो उपयोगी ठरला. आपल्या राज्यात सीहोर जिल्ह्यात सरकारी दवाखान्यांमधून नैराश्याची ओळख आणि उपचार पोचवण्याचं काम याच धर्तीवर झालं. झिम्बाब्वेत मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून आज्यांना शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवलं, आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्या बाकावर बोललेल्या लोकांची लक्षणं कमी झालेली आढळली. या सगळीकडे एक गोष्ट सारखी आहे: त्या माणसांना रीतसर शिकवलं होतं, आणि त्यांच्या मागे तज्ज्ञ उभे होते. तेव्हा शहरातल्या एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आधी भेटा, दोन-तीन सत्रांत शिकवायची विनंती करा, आणि नंतर महिन्यातून एकदा तासभर मागून घ्या. ही तयारी होईपर्यंत काम सुरू करू नका.

भाषेचंही बघा. आपली मुलं आजीशी मराठी आणि मित्रांशी हिंदी बोलतात, आणि मन भरून आलं की कोणती भाषा तोंडात येईल ते सांगता येत नाही. मुलगी “बहुत घबराहट होती है ताई” म्हणाली तर तिला मराठीकडे वळवत बसू नका.

जागा आणि वेळ

वाचनालयाच्या वरची खोली, मंगल कार्यालयाचं ऑफिस, शाळेचा एक वर्ग, काहीही चालेल. बाहेर ‘मानसिक आरोग्य केंद्र’ असा फलक लावू नका. मुलं पुस्तक बदलायला, फॉर्म भरायला, करिअरबद्दल विचारायला येतात अशीच ती जागा असू द्या, म्हणजे जिन्यावर कुणी पाहिलं तरी मुलाला उत्तर द्यावं लागत नाही. आत आवाज बाहेर जाणार नाही इतपत आडोसा हवा, पण दार पूर्ण बंद नसावं आणि इमारतीत आणखी एक जबाबदार माणूस असावं. अठराच्या आतल्या मुलांच्या बाबतीत यात सूट नको.

वेळ ठरवताना कोचिंगचं वेळापत्रक हातात घ्या. सकाळी आणि दुपारी बॅचेस असतात, त्यामुळे अकरा ते एक ही आपल्या सोयीची वेळ मुलांच्या काही कामाची नाही. संध्याकाळी सात ते नऊ आणि रविवारी सकाळ बरी. वेळ घ्यायला लागू नये, पैसे लागू नयेत, आणि दारात नाव लिहायची वही नसावी. ज्यांना यायचं नाही त्यांच्यासाठी एक वेगळा मोबाइल नंबर ठेवा. तो कुणाच्या घरचा नको, आणि त्यावर मेसेज आला तर त्याच दिवशी उत्तर गेलं पाहिजे.

कुणाला काय दिसतं

मुलं स्वतःहून ‘मला डिप्रेशन आहे’ म्हणत येत नाहीत. डोकं दुखतं, पोटात गोळा येतो, छातीत धडधडतं, लक्ष लागत नाही, अशी सुरुवात होते. मुलग्यांमध्ये बरेचदा उदासीपेक्षा चिडचिड आधी दिसते. अंघोळ टळते, कपडे तेच राहतात, रात्र मोबाइलवर जाते आणि सकाळी क्लास बुडतो. चिंतेत उलट वाचन वाढलेलं दिसू शकतं: मुलगी सतत पुस्तक घेऊन बसते, पण पान पुढे सरकत नाही, परीक्षेच्या आदल्या दिवशी उलट्या होतात, किंवा मॉक टेस्टला जायचंच ती टाळते.

हे आई-वडिलांच्या आधी दुसऱ्यांना कळतं. डबा पोचवणाऱ्या मावशींना कळतं, कारण डबा भरलेला परत येतो. घरमालकीण काकूंना कळतं, कारण खोलीचं दार दिवसभर उघडत नाही. खोलीतल्या जोडीदाराला सगळ्यात आधी कळतं. म्हणून मंडळाची पहिली बैठक मुलांची घेऊ नका. डबेवाल्या मावशा, पीजी चालवणारे आणि घर भाड्याने देणारे यांना बोलवा. त्यांना फक्त तीन गोष्टी सांगा: दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप, जेवण, क्लास किंवा बोलणं बदललेलं दिसलं तर लक्ष द्या, मुलाशी एकदा स्वतः बोला, आणि आमचा नंबर त्याला द्या. निदान करायचं नाही, आणि मुलाला न विचारता गावाकडे फोन करून ‘तुमचा मुलगा वेगळाच वागतोय’ असंही सांगायचं नाही. त्याला एकच अपवाद आहे, जिवाच्या धोक्याचा. तो पुढे येईल.

बोलायला सुरुवात कशी करायची

जे दिसलं तेवढंच बोला. “अरे, चार दिवस डबा तसाच परत जातोय. जेवण जात नाहीये का?” इतकं पुरतं. मग थांबा. शांततेत आपल्याला अवघड वाटतं म्हणून आपण लगेच सल्ला देऊन टाकतो, आणि मुलगा “नाही काकू, ठीक आहे” म्हणून आत जातो. पहिल्यांदा तो तसंच म्हणेल. तरी दोन दिवसांनी पुन्हा विचारा.

तो बोलायला लागला की ‘आमच्या वेळी’, ‘तुला काय कमी आहे’, ‘मन घट्ट कर’, ‘देवाचं नाव घे’ ही वाक्यं गिळून टाका. मन घट्ट करता आलं असतं तर त्याने आधीच केलं असतं. त्याऐवजी विचारा: हे कधीपासून? दिवसात सगळ्यात अवघड वेळ कोणती? कुणाला सांगितलं आहेस? याआधी असं झालं होतं का? तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत एकदा परत सांगा, म्हणजे आपण ऐकलं हे त्याला कळतं. श्रद्धा त्याची स्वतःची असेल, त्याला खजराना गणपतीला जावंसं वाटत असेल, तर जरूर जाऊ द्या, सोबतही जा. फक्त ते उपचाराऐवजी नको.

आणि एक प्रश्न विचारायलाच हवा. “कधी मरून जावं असं मनात येतं का?” हा प्रश्न विचारल्याने मुलाच्या डोक्यात ती कल्पना शिरते ही भीती खोटी आहे, अभ्यासांतून तसं आढळलेलं नाही. उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेली गोष्ट कुणीतरी शांतपणे विचारली याचा मुलांना आधार वाटतो. प्रश्न गोल गोल फिरवू नका, चेहरा घाबरा करू नका. उत्तर ‘हो’ आलं तर पुढचं विचारा: काही ठरवलं आहेस का? कधी? हाताशी काही ठेवलं आहेस का?

प्रश्नावली वापरायची असेल तर

नैराश्यासाठी पीएचक्यू-९ आणि चिंतेसाठी जीएडी-७ या दोन छोट्या प्रश्नावल्या जगभर वापरल्या जातात. वापरायला पैसे लागत नाहीत आणि मराठी, हिंदी दोन्ही भाषांत त्या मिळतात. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, अजिबात नाही ते जवळजवळ रोज, असे शून्य ते तीन गुण द्यायचे. पहिलीची बेरीज २७ पर्यंत जाते, दुसरीची २१ पर्यंत. दोन्हींपैकी एकीतही दहा किंवा अधिक गुण आले तर डॉक्टरांना दाखवायचं, हा साधा नियम ठेवा. पाच ते नऊच्या मध्ये असेल तर दोन आठवडे भेटत राहा आणि पुन्हा भरून घ्या. पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्याशिवाय काहीही आलं तर बेरीज कितीही कमी असो, त्याच बैठकीत त्यावर बोलायचं.

कागद कुणाला वाटू नका, वर्गात सगळ्यांकडून भरून घेऊ नका. समोर बसून, मुलाच्या मर्जीने, बोलणं झाल्यानंतरच. गुण म्हणजे निदान नव्हे हे त्यालाही सांगा. भरलेला कागद त्याच्याकडेच राहू द्या.

गुपिताचा नियम आधीच सांगा

पहिल्या पाच मिनिटांत मुलाला स्पष्ट सांगा: तू इथे बोललेलं बाहेर जाणार नाही, पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका वाटला तर मी गप्प बसणार नाही, आणि तेव्हाही तुला सांगूनच पुढे जाईन. अठराच्या आतल्या मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने त्याची खबर पोलिसांना देणं बंधनकारक आहे, तेही आधीच सांगून ठेवा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन अशा वेळी कामी येते. डॉक्टरांकडच्या माहितीबद्दल काळजी असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्याच कायद्याने आरोग्य विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच धरायला सांगितलं आहे, तेव्हा घरची पॉलिसी एकदा उघडून बघा.

कुठे पाठवायचं

सगळ्यात सोपा दरवाजा फोनचा आहे. टेली-मानस, १४४१६. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ही सेवा सुरू केली. ती चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, आणि भाषा निवडताना मराठीही घेता येते. पहिल्या फोनला मुलाची जीभ अडते. त्याला नंबर देऊन पाठवू नका. शेजारी बसून, स्पीकर न लावता, त्याच्याच फोनवरून लावू द्या. एकदा लागला की रात्री दोन वाजता तो स्वतः लावू शकतो.

दुसरा दरवाजा घरच्या डॉक्टरांचा. मुलाला मनोविकाराच्या ओपीडीत जायची लाज वाटत असेल तर इथून सुरुवात करायला हरकत नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ यांची तपासणी तरी होते, कारण यातल्या कशानेही थकवा आणि उदासी येऊ शकते. पण डॉक्टरांनी नुसती झोपेची गोळी लिहून दिली तर पुढच्या पायरीवर जा. मेडिकलमधून मित्राच्या चिठ्ठीवर आणलेल्या झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या हा भंवरकुआंच्या खोल्यांमधला खरा धोका आहे. त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांची सवय लागते.

तिसरा दरवाजा मानसोपचारतज्ज्ञ. सरकारीत एमवाय किंवा बाणगंगा, जिल्हा रुग्णालयातला मनकक्ष (मानसिक आरोग्याची खोली), किंवा खासगी दवाखाना. खासगीत जाताना पदवी बघा: मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर असतो आणि औषध देऊ शकतो, सायकॉलॉजिस्ट ते देऊ शकत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तो विचारायला संकोच करू नका. नुसती ‘काउन्सेलर’ अशी पाटी कुणीही लावू शकतो. मंडळाने स्वतः जाऊन फी, वेळ, मराठी किंवा हिंदी बोलतात का, नव्या रुग्णाला किती दिवसांनी नंबर मिळतो, हे लिहून आणावं. ही यादी दर सहा महिन्यांनी ताजी करा, नाहीतर मुलगा बंद दवाखान्यासमोर उभा राहील आणि पुन्हा जाणार नाही.

पहिल्या भेटीला सोबत जाच. एमवायमध्ये सकाळची गर्दी, पर्च्याची (केसपेपरची) रांग, कोणती खोली हे शोधणं, यातच अर्ध्या मुलांचा धीर सुटतो. आदल्या संध्याकाळी त्याच्याबरोबर बसून एका कागदावर लिहा: त्रास कधीपासून, झोप किती, जेवण किती, अभ्यासावर काय परिणाम, आधी कोणतं औषध, घरात कुणाला असा त्रास होता का, प्रश्नावलीचे गुण. डॉक्टरांना पाच मिनिटं मिळाली तरी तो कागद काम करतो.

औषध सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे फार महत्त्वाचे. नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, आणि मळमळ, अस्वस्थपणा मात्र आधी येतो. म्हणून मुलं चौथ्या दिवशी गोळ्या टाकून देतात. याच काळात पंचविशीच्या आतल्या काहींना मरणाचे विचार वाढू शकतात, तेव्हा रोज एक फोन हवाच. बरं वाटलं म्हणून गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत.

डॉक्टरांची तारीख लांबची असेल तर

रिकाम्या दिवसांत छोटी कामं ठरवा. गोव्यातल्या ‘संगत’च्या कार्यक्रमाचा गाभा हाच होता: मूड सुधारला की काम करू, असं म्हणत थांबायचं नाही, छोटं काम आधी करायचं. मुलाबरोबर आठवड्याचा कागद बनवा. सकाळी आठला उठून खाली चहाला जायचं. संध्याकाळी नेहरू पार्कमध्ये किंवा कॉलनीच्या बागेत वीस मिनिटं चालायचं. एका मित्राला फोन. एक धडा नाही, एक पान. प्रत्येकापुढे मूड किती होता ते दहापैकी लिहायचं. चिंतेत टाळलेल्या गोष्टींच्या पायऱ्या करा: आधी नुसतं क्लासच्या गेटपर्यंत जाऊन परत यायचं, मग मागच्या बाकावर अर्धा तास, मग पूर्ण तास. पायरी अवघड वाटली तर मोडून आणखी लहान करा.

आई-वडिलांशी

मुलाची परवानगी घेऊन, शक्यतो त्याच्यासमोर, मोठ्या माणसाने बोलावं. इथे मंडळातले वयस्कर काका खरे उपयोगी पडतात. आईला वाटतं माझंच काहीतरी चुकलं, वडिलांना वाटतं फी वाया गेली, आणि दोघांनाही बहिणीच्या लग्नाची काळजी असते. त्यांच्याशी वाद घालू नका. “दादा, हा आजार आहे, उपचाराने बरेच जण बरे होतात, आणि लवकर सुरू केले तर वर्ष वाचतं,” इतकं सांगा आणि पुढची तारीख द्या. लग्न लावून दिलं की ठीक होईल असा विषय निघाला तर ठामपणे थांबवा. ते दोन जिवांवर अन्यायाचं आहे.

धोक्याची वेळ

मुलाने काही ठरवलं असेल, निरोपासारखं बोलत असेल, आपल्या वस्तू वाटत असेल, तर त्याला एक क्षणही एकटं सोडू नका. आजूबाजूची औषधं, धारदार वस्तू हलवा. निमाडातून आलेल्या घरांत शेतीची कीटकनाशकं असतात, ती कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी जाऊ द्या. ११२ ला फोन करा किंवा थेट एमवायच्या तातडीच्या विभागात न्या. घरच्यांना इथे सांगायचंच. पोलिस केस होईल या भीतीने लोक घरातच थांबतात. २०१७ च्या कायद्यातलं ११५ वं कलम सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, वेगळं सिद्ध होत नाही तोवर, तीव्र तणावाखाली होती असंच धरायचं, आणि तिला शिक्षा न करता काळजी आणि उपचार द्यायचे. थांबू नका.

कोचिंगवाल्यांकडे काय मागायचं

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, कॉलेज, वसतिगृहं आणि कोचिंग क्लास यांच्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, हेल्पलाइनचे नंबर दिसतील असे लावलेले हवेत, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवं, आणि गुणांवरून मुलांच्या बॅचेस वेगळ्या करायच्या नाहीत. मंडळाच्या लेटरहेडवर नम्र पत्र लिहून विचारा की तुमच्याकडे समुपदेशक कोण आहेत आणि कोणत्या वेळी भेटतात. पालक म्हणून प्रवेश घेतानाच हे विचारलं तर आणखी चांगलं.

निकालांचं कॅलेंडर भिंतीवर लावा: बोर्ड, जेईई, नीट, एमपीपीएससी. त्या आठवड्यात खोली रोज उघडी ठेवा आणि ज्या मुलांना आधी भेटला आहात त्यांना निकालाच्या आदल्या दिवशी स्वतः फोन करा. इतर वेळी भेटीनंतर तिसऱ्या दिवशी एक फोन, मग दर आठवड्याला एक, महिनाभर. मुलगा यायचा थांबला तर दोनदा विचारा, तिसऱ्यांदा “कधीही ये” एवढाच मेसेज टाका.

ऐकणाऱ्यांचंही बघावं लागतं. कुणीही एका वेळी चार-पाचपेक्षा जास्त मुलं सांभाळू नयेत, आणि महिन्याच्या बैठकीत डॉक्टरांसमोर नाव न घेता प्रत्येक अवघड गोष्ट मांडावी. ज्या ताईंना रात्री झोप लागेनाशी झाली, त्यांना दोन महिने सुट्टी द्या आणि त्या ज्यांचं ऐकत होत्या ती मुलं दुसऱ्या कुणाकडे सोपवताना त्या मुलांची त्यांच्याच उपस्थितीत ओळख करून द्या.

खर्च फार नाही: एक मोबाइल, प्रवासाचे पैसे, आणि ज्यांच्याकडे खासगी फीसाठी पैसे नाहीत अशा दोन-तीन मुलांच्या भेटींपुरता निधी. यंदाच्या गणेशोत्सवाच्या जमाखर्चात त्याची वेगळी ओळ घाला, आणि मांडवाच्या कमानीवर प्रायोजकांच्या खाली १४४१६ मोठ्या अक्षरांत लिहा.